दोर तुटला तरी

लिफ्टचे दार बंद होते, पायांखालची जमीन हलकेच वर उचलली जाते आणि आत उभी असलेली माणसे एकमेकांकडे न पाहता मजल्यांच्या आकड्यांकडे पाहू लागतात. त्या चार क्षणांच्या मौनात पुष्कळांच्या मनाला एक शंका चाटून जाते : हा दोर तुटला तर? ही शंका वेडगळ म्हणता येणार नाही. मोटेचा नाडा तुटला की मोट तळाला जाते, रहाटाचा दोर तुटला की पोहरा बुडतो, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तीही एक विहीरच आहे. फरक इतकाच, की तिच्यात पाण्याऐवजी माणसे ओढली जातात.

परंतु दोर तुटणार नाही, या भरवशावर लिफ्टची सुरक्षितता उभारलेलीच नाही. दोर केव्हा तरी तुटेल, वीज केव्हा तरी जाईल, चालविणारा खटका केव्हा तरी चुकेल, असे आधीच गृहीत धरून हे यंत्र रचलेले असते. एक रक्षक हरला तर दुसऱ्याने उभे राहावे आणि दुसरा हरला तर तिसऱ्याने, अशी ती योजना आहे. ती समजून घेतली म्हणजे नसती भीती जाते. आणि भीती बाळगावी असे खरे ठिकाण कोणते, तेही कळते.

ओझे दोराने वर ओढण्याची युक्ती फार प्राचीन आहे. माणसांनी मात्र तिच्यावर विश्वास टाकला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्स गावी पलंग तयार करण्याचा एक कारखाना होता. तेथील एलिशा ग्रेव्हज ओटिस या कारागिराने १८५२ साली सामान चढविण्याच्या पाळण्यासाठी एक साधी सोय केली. पाळण्याच्या माथ्यावर त्याने घोडागाडीच्या कमानीसारखी एक पोलादी स्प्रिंग बसविली आणि दोर त्या स्प्रिंगला बांधला. पाळण्याच्या ओझ्यामुळे दोर ताणलेला असे तोवर स्प्रिंग वाकलेली राही. दोर तुटला की ताण नाहीसा होई, स्प्रिंग सरळ होई आणि तिच्या टोकांशी जोडलेले अडसर दोन्ही बाजूंच्या खांबांवरील दात्यांत जाऊन रुतत. पाळणा जागच्या जागी अडकून राही.

१८५४ साली न्यूयॉर्कमधील क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात ओटिस स्वतः अशा पाळण्यावर चढला, उंच गेला आणि त्याने लोकांच्या देखत दोर तोडावयास लावला. पाळणा किंचित खाली आला आणि थबकला. सिंहगडाच्या कथेत सूर्याजी मालुसरे दोर कापतो तो मावळ्यांना परतीची वाट उरू नये म्हणून. ओटिसने दोर तोडविला तो दोराविनाही माणूस वाचतो हे दाखविण्यासाठी. लोकांना हवी होती ती हीच खात्री. २३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरील एका पाच मजली दुकानात, वाफेच्या शक्तीवर चालणारी, ओटिसच्या बनावटीची माणसांची लिफ्ट सुरू झाली. १८८० साली जर्मनीतील मानहाइम येथे व्हेर्नर फॉन सीमेन्सने विजेवर चालणारी लिफ्ट दाखविली. आणि १८९२ साली कोलकात्याच्या त्या वेळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये लिफ्ट बसली. भारतातील लिफ्टच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथूनच सांगितला जातो.

आजच्या लिफ्टची रचना आता पाहू. माणसे ज्यात उभी राहतात त्या खोलीला येथे पिंजरा म्हणू. हा पिंजरा दोन उभ्या पोलादी रुळांना धरून वरखाली सरकतो. त्याच्या माथ्याला बांधलेले पोलादी दोर वर जाऊन खाचा असलेल्या एका चाकावरून वळतात आणि पलीकडच्या बाजूस एका जड वजनाला बांधलेले असतात. या वजनाला प्रतिभार म्हणतात. प्रतिभार साधारणपणे रिकाम्या पिंजऱ्याइतका आणि त्याशिवाय पूर्ण भाराच्या चाळीस ते पन्नास टक्के जड असतो. त्यामुळे पिंजरा निम्मा भरलेला असला म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ समतोल होतात आणि मोटारीला केवळ फरकाचे ओझे ओढावे लागते. दोर चाकाला कोठेही बांधलेले नसतात. खाचांतील घर्षणानेच ते ओढले जातात. यातही एक सोय आहे. प्रतिभार तळाला टेकला की दोर सैल पडतात, चाक नुसते फिरत राहते आणि पिंजरा छतावर आदळण्याइतका वर ओढला जात नाही.

पहिला रक्षक म्हणजे खुद्द दोर. ते अनेक असतात आणि प्रत्येक दोर पोलादाच्या कितीतरी बारीक तारा पिळून केलेला असतो. तीन किंवा अधिक दोरांच्या लिफ्टमध्ये प्रत्येक दोराची ताकद त्याच्यावर येणाऱ्या जास्तीत जास्त ओढीच्या किमान १२ पट असावी, असा दंडक आहे. याचा हिशेब मनोरंजक आहे. चार दोरांपैकी तीन एकदम तुटले, तर उरलेल्या एकट्यावर चौपट ओढ येईल. तरीही त्याच्या अंगी लागेल त्याच्या तिप्पट बळ शिल्लक राहील. शिवाय दोर सहसा एकाएकी तुटत नाही. आधी त्याच्या बारीक तारा तुटू लागतात, दोर झिजून बारीक होतो आणि तपासणाऱ्याला आपली अवस्था सांगत राहतो. ती पाहण्यासाठी कोणी वेळेवर यावे लागते, एवढेच.

दुसरा रक्षक ब्रेक. ब्रेक दाबला म्हणजे यंत्र थांबते, हा सायकलवर बसणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव. लिफ्टच्या ब्रेकची रीत याच्या उलट आहे. येथे मजबूत स्प्रिंगा ब्रेक सदैव आवळून धरतात आणि लिफ्ट चालावयाची तेव्हा विद्युच्चुंबक त्यांना मागे ओढून ब्रेक सैल करतो. म्हणजे वीज ब्रेक लावीत नाही. ती तो सोडते. वीज गेली, तार तुटली किंवा फ्यूज उडाला, की चुंबकाची शक्ती जाते आणि ब्रेक आपोआप बसतो. आगगाडीच्या डब्यांना जोडणारी हवेची नळी तुटली की गाडी आपोआप थांबते, त्यामागेही हाच विचार आहे. यंत्राने चालण्यासाठी परवानगी मागावी, थांबण्यासाठी मात्र तिला कोणाच्या परवानगीची गरज पडू नये, असे हे तत्त्व आहे. सुरक्षेच्या साऱ्या शास्त्राचे सार त्यात आले.

समजा, दोरही गेले आणि त्यामुळे ब्रेकही निरुपयोगी झाला. आता तिसरा रक्षक पुढे येतो : वेगनियंत्रक. विहिरीच्या माथ्यावर एक लहान चाक असते. त्याच्यावरून एक वेगळी बारीक पोलादी दोरी वर्तुळाकार फिरते आणि ती पिंजऱ्याच्या एका तरफेला जोडलेली असते. पिंजरा ज्या वेगाने जाईल त्याच वेगाने ही दोरी आणि हे चाक फिरते. चाकावर लहान वजने बसविलेली असतात. वेग वाढला की ती बाहेरच्या बाजूस फेकली जातात. गोफण गरगर फिरविली की तिच्यातील धोंडा बाहेर ओढ घेतो, तसेच. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या यंत्राचा वेग आवरण्यासाठी हेच तत्त्व वापरले होते. लिफ्टमध्ये ही वजने ठरीव मर्यादेपलीकडे फाकली की प्रथम एक विजेचा खटका पडतो व मोटारीची वीज तुटते. तेवढ्याने वेग आवरला नाही, तर नियंत्रकाचा जबडा ती बारीक दोरी घट्ट धरतो. दोरी थांबते, पिंजरा मात्र खाली जात असतो. त्यामुळे दोरीला जोडलेली तरफ वर ओढली जाते.

या तरफेच्या हाकेला ओ देणारा चौथा रक्षक पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला असतो. त्याला सुरक्षा-पकड म्हणता येईल. तरफ ओढली जाताच पोलादी पाचरी रूळ आणि पिंजऱ्याची चौकट यांच्यामध्ये घुसतात. पिंजरा जितका खाली जाऊ पाहतो तितक्या त्या अधिक आवळल्या जातात. पडणाऱ्या वजनाचे बळच त्याला थांबविण्याच्या कामी येते. मंद गतीच्या लिफ्टला एकदम धरणारी पकड चालते. गती अधिक असेल तेथे मात्र पकड रुळावर घासत घासत, क्रमाक्रमाने पिंजरा थांबविते. कारण माणसाला पडण्याने जसा धोका तसाच एकाएकी थांबण्यानेही.

हे सारे किती लवकर घडते, याची कल्पना आकड्यांवरून येईल. राहत्या इमारतींतील अनेक लिफ्टांचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर असतो. पायी चालणाऱ्या माणसाहून तो अधिक नाही. अशा लिफ्टमध्ये वेग सेकंदाला दीड मीटरपर्यंत जाण्यापूर्वीच वेगनियंत्रकाने जागे व्हावयाचे असते. मोकळेपणी पडणारी वस्तू १ मीटरच्या वेगावरून दीड मीटरच्या वेगावर जाते ती केवळ ६ सेंटिमीटर पडल्यावर. म्हणजे पडणे पुरते वीतभर होण्यापूर्वीच त्याची वर्दी लागते आणि पकड कामाला लागते. पडत्या लिफ्टमध्ये शेवटच्या क्षणी उडी मारावी, हा लोकांत प्रचलित असलेला उपाय त्यामुळेच अनावश्यक आहे. आणि तो निरुपयोगीही आहे. ३० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला २४ मीटरपर्यंत जातो आणि माणसाची उडी त्यातून फार तर दोन-तीन मीटर वजा करील.

विहिरीच्या तळाशी पाचवा रक्षक असतो, बफर. मंद लिफ्टला स्प्रिंगचा आणि वेगवान लिफ्टला तेलाचा. तेलाच्या बफरमध्ये दट्ट्या दाबला जातो, तेल लहान छिद्रांतून पिळून बाहेर पडते आणि धक्का त्यात विरतो. दहाव्या मजल्यावरून कोसळणारा पिंजरा झेलणे, हे मात्र बफरचे काम नव्हे. शेवटच्या थांब्यावर न थांबता थोडे खाली घसरलेल्या पिंजऱ्याला सावरणे, एवढेच त्याच्याकडे सोपविलेले असते.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रिकामा किंवा एक-दोन माणसांचा पिंजरा प्रतिभाराहून हलका असतो. अशा वेळी दोर शाबूत राहून ब्रेकच निकामी झाला, तर पिंजरा खाली न पडता वर ओढला जाईल. ‘वर पडणे’ हा शब्दप्रयोग हास्यास्पद वाटला तरी धोका खरा आहे. म्हणून अलीकडच्या नियमांनी वर जाताना वेग वाढला तरी पिंजऱ्याला आवरणारी आणि दार उघडे असताना तो आपोआप हलू लागल्यास त्याला थांबविणारी योजनाही आवश्यक ठरविली आहे.

इतके रक्षक असूनही लिफ्ट कधी कोसळलीच नाही काय? २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक अमेरिकन बॉम्बफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर एकोणऐंशीव्या मजल्याच्या आसपास आदळले. त्यात १४ माणसे मृत्युमुखी पडली. बेटी लू ऑलिव्हर ही तेथील लिफ्ट चालविणारी तरुणी जखमी झाली होती. तिला उपचारासाठी खाली नेण्याकरिता दुसऱ्या लिफ्टमध्ये ठेवले, आणि आघाताने दुबळे झालेले त्या लिफ्टचे दोर तुटले. वेगनियंत्रकाची दोरीही विमानाच्या आघाताने तुटलेली होती. तेव्हा पकडीला हाक देणारे कोणी उरले नव्हते. पिंजरा सुमारे ७५ मजले खाली गेला. तळाशी साचलेली तुटक्या दोरांची वेटोळी आणि अरुंद विहिरीत कोंडून दाबली गेलेली हवा यांनी त्या पतनाचा जोर कमी केला, असे मानतात. बेटी लू गंभीर जखमी झाली, पण वाचली. लिफ्टचे सारे रक्षक एकदम निकामी करावयास आकाशातून विमान यावे लागले, हे या घटनेत विशेष आहे.

दोराविषयीची भीती अशी बव्हंशी निराधार ठरते. धोका जेथे खरोखर आहे ती जागा माणसाच्या छातीसमोर असते आणि तिची भीती त्याला वाटत नाही. ती जागा म्हणजे दार. पिंजरा नसताना उघडलेल्या दारातून विहिरीत पडणे, हलत्या पिंजऱ्याच्या आणि मजल्याच्या कडेमध्ये सापडणे, जाळीच्या दारातून हात किंवा पाय बाहेर काढणे, या प्रकारांनी माणसे प्राणास मुकतात. त्यांत लहान मुलेही असतात.

म्हणूनच दाराचे कुलूप हा लिफ्टचा सर्वांत महत्त्वाचा भाग समजला पाहिजे. प्रत्येक मजल्यावरील दाराला असे कुलूप असते, की पिंजरा त्या मजल्याशी आल्याखेरीज ते सुटत नाही. त्याच कुलपात विजेचा एक खटकाही असतो. कुलपाचा अडसर किमान ७ मिलिमीटर आत गेल्याशिवाय पिंजऱ्याने हलू नये, असा नियम आहे. सर्व मजल्यांच्या दारांचे खटके, पिंजऱ्याच्या दाराचा खटका, वेगनियंत्रकाचा खटका, वरच्या व खालच्या टोकांना असलेले मर्यादेचे खटके, हे सगळे एकाच साखळीत, एकापुढे एक जोडलेले असतात. साखळीची एक कडी सुटली की मोटारीची वीज तुटते आणि ब्रेक बसतो. विसाव्या मजल्यावरचे दार बोटभर उघडे राहिले, तर तळमजल्यावरच्या माणसाची लिफ्ट निघत नाही, ती यामुळेच. माणूस त्रासतो आणि बटण पुनःपुन्हा दाबतो. वर कोणाचे तरी मूल उघड्या विहिरीच्या काठाशी उभे असेल, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

आपोआप मिटणाऱ्या दारांना आणखी दोन राखणदार असतात. मिटताना दाराचा जोर सुमारे १५ किलोग्रॅमच्या दाबाहून अधिक नसावा लागतो; आणि दारात आडवे पसरलेले अदृश्य किरण कोणी अडविले, तर दार परत उघडते. पिंजऱ्याच्या तळाशी भार मोजणारी योजना असते. भारतातील कितीतरी लिफ्टांत ‘६ माणसे, ४०८ किलोग्रॅम’ अशी पाटी दिसते. म्हणजे माणशी ६८ किलोग्रॅमचा हिशेब. भार मर्यादेबाहेर गेला की घंटा वाजते आणि लिफ्ट हलत नाही. अशा वेळी शेवटी चढलेल्या माणसाने मुकाट्याने उतरावे. आणखी एकटा चढल्याने काय बिघडणार, असा वाद यंत्राशी घालता येत नाही.

मधेच वीज जाऊन लिफ्ट अडकली तर काय करावे? पुष्कळ नव्या लिफ्टांना विजेऱ्यांच्या बळावर जवळच्या मजल्याशी नेऊन दार उघडणारी सोय असते. ती नसेल तर आत थांबावे, घंटा वाजवावी किंवा दूरध्वनी करावा. पिंजरा हवाबंद नसतो. त्यास वायुवीजनासाठी छिद्रे ठेवलेलीच असतात, त्यामुळे आत गुदमरण्याचे भय नाही. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या पिंजऱ्यातला माणूस खरे पाहता सुरक्षित जागी असतो. संकट ओढवते ते सुटकेच्या घाईने. दार बळाने फाकवून कोणी मजल्यावर उडी मारू पाहतो, तोल जातो आणि पिंजऱ्याच्या खाली उघड्या पडलेल्या फटीतून तो विहिरीत कोसळतो. मजल्याचे दार बाहेरून उघडण्याची खास त्रिकोणी किल्ली असते. ती शिकविलेल्या माणसाच्याच हाती असावी. आग लागली असता मात्र सामान्य लिफ्टमध्ये पाऊल ठेवू नये. विहिरीतून धूर वर चढतो आणि वीज केव्हा जाईल त्याचा नेम नसतो. तेव्हा जिनाच बरा.

हे रक्षक जागे आहेत की नाहीत हे पाहणे, हा शेवटचा आणि नेहमी दुर्लक्षिला जाणारा भाग. मुंबई प्रांतात १९३९ साली लिफ्टविषयीचा कायदा झाला. लिफ्ट उभारण्यास परवानगी, चालविण्यास परवाना आणि सरकारी तपासणी त्याने आवश्यक केली. महाराष्ट्रात त्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. त्यात सरकत्या जिन्यांचाही समावेश आहे. परंतु निरीक्षक रोज येऊ शकत नाही. रोजचे राखण इमारतीतील माणसांच्याच हाती असते. देखभालीचे काम कोणाला द्यावयाचे हे ठरविताना केवळ कमी दर पाहिला जातो. दाराचा खटका वारंवार अडखळू लागला, की लिफ्ट बंद ठेवण्यापेक्षा तूर्त तार जोडून तो खटका वगळा, असा आग्रह धरला जातो. ती एक वीत तार जोडली, की शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवाने घडविलेली साखळी तुटते आणि लिफ्ट पुन्हा मोटेच्या विहिरीइतकीच उघडी होते. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने लिफ्ट दोन दिवस बंद ठेवावी लागेल असे सांगितले, तर चार जिने चढण्याचे कष्ट सोसून त्याचे म्हणणे मान्य करणे, हाही सुरक्षेचाच एक भाग आहे.

लिफ्ट न हलता उभी राहिली की ती बिघडली, असे लोक म्हणतात. कित्येकदा तसे नसते. कोठे तरी एक दार नीट लागलेले नसते, कोठे वेग वाढलेला असतो, कोठे भार अधिक झालेला असतो. आणि तिने न हलण्याचे आपले कर्तव्य चोख बजावलेले असते. माणसाने तिच्या नकाराचा मान राखला, तर दोर तुटला तरी भिण्याचे कारण नाही.